दुसरा सबवूफर जोडल्यावर अ‍ॅम्प्लिफायर वारंवार ‘प्रोटेक्ट’मध्ये का जातो?

गाडीत एकच सबवूफर (खोल बेस वाजवणारा मोठा स्पीकर) असतो तोपर्यंत सारे सुरळीत चालते. दुसरा बसवला की थोड्याच दिवसांत अ‍ॅम्प्लिफायरवरचा लाल दिवा लागू लागतो, बेस मध्येच तुटतो, गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की थोडा वेळ आवाज येतो आणि मग पुन्हा तेच. इंदूरमध्ये उन्हाळा तापू लागला की ही तक्रार हमखास कानांवर येते. बहुतेक जण अशा वेळी अ‍ॅम्प बदलून घेतात आणि नवा अ‍ॅम्पही जुन्यासारखाच वागू लागला की कंपनीला दोष देतात. प्रत्यक्षात बिघाड बहुधा अ‍ॅम्पमध्ये नसतोच. त्याच्यावर टाकलेला भार किंवा त्याला मिळणारा वीजपुरवठा यांपैकी एक गोष्ट चुकलेली असते आणि अ‍ॅम्प स्वतःला वाचवण्यासाठी बंद होत असतो. म्हणून जोडणी मोजून पाहिल्याशिवाय अ‍ॅम्पवर एक रुपयाही खर्च करू नये, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

तपासणीला लागण्यापूर्वी गाडी बंद करून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे आणि शेवटी जोडतानाही तेच सर्वांत शेवटी जोडावे. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेल्यास पाना चुकून बॉडीच्या पत्र्याला टेकतो आणि त्यातून शेकडो अँपिअरचा करंट क्षणात वाहून पाना लाल होऊ शकतो. अंगठी, कडे, धातूचा पट्टा असलेले घड्याळ काढून ठेवावे.

दिवा केव्हा लागतो, हे आधी पाहावे

प्रोटेक्टचा दिवा कोणत्या क्षणी लागतो, यावरून निम्मे निदान होते. स्पीकरच्या सर्व वायरी आणि ऑडिओच्या आरसीए वायरी काढून ठेवल्या, फक्त पॉझिटिव्ह, अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) आणि रिमोट (अ‍ॅम्पला चालू होण्याचा इशारा देणारी वायर) एवढेच जोडले आणि तरीही दिवा लागला, तर अ‍ॅम्पच्या आतला भाग जळालेला असण्याची शक्यता मोठी आहे. तो विषय दुरुस्ती करणाऱ्याचा. या स्थितीत दिवा लागत नसेल आणि सबवूफरच्या वायरी जोडताच लागत असेल, तर वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे, कॉइल (सबवूफरच्या आतली तारेची गुंडाळी) शॉर्ट झाली आहे किंवा ओहम, म्हणजे करंटला होणारा रोध, फारच कमी भरत आहेत. जोरदार ठेक्यालाच अ‍ॅम्प बंद पडत असेल, तर ओहम कमी असणे किंवा व्होल्टेज कोसळणे, या दोनांपैकी एक कारण असते. आणि पंधरा-वीस मिनिटे चांगले वाजून मग बंद पडत असेल, अ‍ॅम्पच्या अंगावर हात ठेववत नसेल, तर तो तापून बंद होत आहे. मात्र तापण्यामागेही पुष्कळदा तेच कमी ओहमचे मूळ असते, एवढे लक्षात ठेवावे.

ओहमचा हिशेब

शाळेत शिकलेली एकसर आणि समांतर जोडणी इथे जशीच्या तशी लागू पडते. चार ओहमचे दोन सबवूफर एकसर जोडले, म्हणजे पहिल्याचा निगेटिव्ह दुसऱ्याच्या पॉझिटिव्हला दिला, तर आठ ओहम होतात. समांतर जोडले, म्हणजे दोन्ही पॉझिटिव्ह एकत्र आणि दोन्ही निगेटिव्ह एकत्र केले, तर दोन ओहम होतात. ओहम निम्मे झाले की तेवढ्याच व्होल्टेजला करंट दुप्पट वाहतो आणि अ‍ॅम्पच्या आउटपुट ट्रान्झिस्टरमधली उष्णता त्याहूनही वेगाने वाढते. अ‍ॅम्पवर किंवा त्याच्या पुस्तिकेत किमान ओहमचा आकडा छापलेला असतो. त्या आकड्याच्या खाली जाणारी जोडणी आज चालली तरी ती चुकीचीच समजावी.

सर्वाधिक घोटाळा होतो तो मोनोब्लॉक अ‍ॅम्पच्या टर्मिनलांमुळे. मोनोब्लॉक हा एकाच चॅनेलचा अ‍ॅम्प असतो, पण त्यातील पुष्कळांवर स्पीकरसाठी पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या दोन जोड्या दिलेल्या असतात. त्या पाहून कोणालाही वाटते की एका जोडीवर एक आणि दुसऱ्या जोडीवर दुसरा सबवूफर लावला की प्रत्येकाचा हिशेब वेगळा राहील. तसे होत नाही. या दोन्ही जोड्या अ‍ॅम्पच्या आत एकमेकींना जोडलेल्या असतात आणि वायर सहज लावता यावी एवढाच त्यांचा उपयोग असतो. दोन जोड्यांवर लावलेले दोन सबवूफर म्हणजे समांतर जोडलेलेच दोन सबवूफर.

माझ्या भाच्याच्या गाडीत नेमके हेच घडले होते. बारा इंची दोन सबवूफर, प्रत्येकात दोन-दोन ओहमच्या दोन कॉइल, आणि एक ओहमपर्यंत चालणारा मोनोब्लॉक. बसवणाऱ्याने प्रत्येक सबवूफरच्या दोन्ही कॉइल समांतर जोडल्या, त्यामुळे एकेक सबवूफर एक ओहमचा झाला, आणि मग ते दोन सबवूफर दोन टर्मिनल-जोड्यांवर लावले. एक ओहमचा अ‍ॅम्प, एक ओहमचे सबवूफर, म्हणजे हिशेब जमला असे त्याला वाटले. अ‍ॅम्पला मात्र अर्धाच ओहम दिसत होता. स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पवरून सोडवून, दोन्ही सबवूफरच्या वायरी तिथे होत्या तशा एकत्र धरून मल्टिमीटर लावला, तेव्हा ०.८ ओहम दिसले. मीटरच्या दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवल्यावर स्वतः मीटरच ०.३ दाखवत होता. ते वजा केल्यावर राहिले ०.५.

हे वजा करणे विसरता कामा नये. कमी ओहम मोजताना प्रोबच्या वायरींचा रोधच आकड्यात एवढी भर घालतो की चुकीची जोडणीही बरोबर भासू शकते. दुसरे असे की मीटर डीसी रोध मोजतो, तर सबवूफरवर छापलेला आकडा हा इम्पीडन्सचा (एसी सिग्नलला होणाऱ्या एकूण रोधाचा) असतो, त्यामुळे मीटरवरचा आकडा नेहमी थोडा कमीच येतो. चार ओहमची कॉइल साधारण ३.२ ते ३.८ दाखवते, दोन ओहमची १.६ ते १.९. चार ओहमच्या कॉइलवर ३.५ दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही, मात्र १.२ दिसले किंवा काहीच दिसले नाही, तर ती कॉइल गेलेली आहे.

भाच्याच्या गाडीत मग प्रत्येक सबवूफरच्या दोन कॉइल एकसर जोडल्या, म्हणजे एकेक सबवूफर चार ओहमचा झाला, आणि ते दोन समांतर ठेवले, म्हणजे अ‍ॅम्पला दोन ओहम मिळाले. त्याचा पुढचा प्रश्न स्वाभाविक होता: “मामा, अ‍ॅम्प एक ओहमला जास्त पॉवर देतो, मग एक ओहम का नाही करायचा?” उत्तर असे की दोन ओहमच्या दुहेरी कॉइलच्या दोन सबवूफरमधून चारही कॉइलवर सारखा भार ठेवून अर्धा, दोन किंवा आठ ओहम एवढेच निघू शकतात, एक ओहम निघतच नाही. एक ओहम हवा असेल, तर चार ओहमच्या दुहेरी कॉइलचे दोन सबवूफर घ्यावे लागतात आणि त्यांच्या चारही कॉइल समांतर जोडाव्या लागतात. म्हणून खरेदीला जाण्यापूर्वीच अ‍ॅम्पचा किमान ओहम आणि सबवूफरच्या कॉइलचे ओहम कागदावर मांडून पाहावेत. कॉइलचे ओहम नंतर बदलता येत नाहीत आणि दुकानदार उघडलेला सबवूफर सहसा परत घेत नाही. जोडणी जमावी म्हणून एक कॉइल मोकळी सोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये, कारण तेव्हा सबवूफरची पॉवर सोसण्याची क्षमता जवळजवळ निम्मी होते.

दोन चॅनेलचा अ‍ॅम्प ब्रिज करून, म्हणजे दोन्ही चॅनेल मिळून एकच भार चालवतील असा जोडून, वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनेलला जोडलेल्या भाराचा निम्माच भाग दिसतो. चार ओहम ब्रिजवर लावले म्हणजे प्रत्येक चॅनेल दोन ओहमवर चालत असतो. त्यामुळे दोन ओहमपर्यंत चालणाऱ्या अ‍ॅम्पवर ब्रिज करून समांतर जोडीचे दोन ओहम लावणे हे एक ओहम लावण्यासारखेच आहे आणि असा अ‍ॅम्प पहिल्या जोरदार ठेक्याला बंद पडला, तर त्याचे नशीबच म्हणायचे, कारण बंद न पडता तो जळूही शकतो. ब्रिज केलेल्या किंवा क्लास-डी अ‍ॅम्पच्या स्पीकर-निगेटिव्हला वायर वाचवण्यासाठी गाडीच्या बॉडीवर घेणे पूर्णपणे वर्ज्य आहे. त्या निगेटिव्हवरही सिग्नल असतो. तसेच दोन वेगवेगळ्या अ‍ॅम्पचे आउटपुट एकाच कॉइलवर एकत्र आणू नयेत.

सबवूफर दोन घ्यायचे तर ते एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे असावेत. वेगवेगळ्या ओहमचे सबवूफर एकत्र जोडले की पॉवर असमान वाटली जाते आणि दोघांपैकी एकजण नेहमी जास्त मार खातो.

दोन सबवूफर असूनही बेस एकापेक्षा कमी वाटत असेल, तर बहुधा एकाची पोलॅरिटी (पॉझिटिव्ह-निगेटिव्हची जोडणी) उलटी आहे. एक शंकू बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो आणि हवेतला दाब एकमेकांना खाऊन टाकतो. ऐकणारा मग गेन (अ‍ॅम्पवरची सिग्नल जुळवण्याची कळ) वाढवत नेतो आणि अ‍ॅम्प तापतो. अ‍ॅम्पवरून वायर सोडवून तिच्या टोकांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवावा. सेलचा पॉझिटिव्ह वायरच्या पॉझिटिव्हला लागला असता दोन्ही शंकू एकाच दिशेला, बाहेर, हलले पाहिजेत.

वीजपुरवठा आणि अर्थिंग

ओहम बरोबर भरूनही अ‍ॅम्प बंद पडत असेल, तर व्होल्टेजकडे वळावे. रामबागेत राहणारे एक परिचित काका इंदूरहून धुळ्यामार्गे पुण्याला गेले. सबंध महामार्गावर त्यांचा अ‍ॅम्प एकदाही थांबला नाही. परत आल्यावर मात्र पलासियाच्या सिग्नलवर गाडी उभी राहिली आणि दिवा लागला. या एका गोष्टीतच निदान होते. महामार्गावर इंजिनाचे फेरे जास्त असतात, त्यामुळे अल्टरनेटर (इंजिनावर फिरणारा वीजजनित्र) भरपूर करंट देतो. सिग्नलवर इंजिन संथ फिरते, एसी आणि हेडलाइट सुरू असतात आणि त्याच वेळी अ‍ॅम्प ठेक्यागणिक करंट ओढतो.

हा करंट किती असतो, हे पाहिले म्हणजे पातळ वायरचा धोका लक्षात येईल. खरे एक हजार वॅट देणारा क्लास-डी अ‍ॅम्प ८० टक्के कार्यक्षम धरला, तर १३.८ व्होल्टवर तो सुमारे ९० अँपिअर घेतो. बाजारातील पुष्कळ तयार किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर असते आणि तिचे आवरण एवढे जाड असते की बाहेरून ती दणकट भासते. अशा आठ गेजच्या (गेज हे वायरच्या जाडीचे माप) पाच मीटर वायरमधून ९० अँपिअर वाहिले, तर वायरीतच जवळजवळ दीड व्होल्ट खर्च होतात आणि सुमारे १३० वॅटची उष्णता गालिच्याखाली तयार होते. तेवढ्याच लांबीच्या २५ चौरस मिलिमीटरच्या शुद्ध तांब्याच्या वायरीत हीच घट ०.३ व्होल्टच्या आसपास राहते. वायर तांब्याची आहे की नाही, हे ओळखणे सोपे आहे: एक तार ब्लेडने खरवडावी, आत पांढरी चमक दिसली, तर ते अ‍ॅल्युमिनियम. तांब्याची लवचीक केबल आणि तांब्याचे थिंबल (वायरच्या टोकाला बसवायची, बोल्टसाठी छिद्र असलेली टोपी) इंदूरच्या महाराणी रोडवरील विजेच्या सामानाच्या दुकानांत मिळतात, फक्त मागताना गेजऐवजी चौरस मिलिमीटरमध्ये मागावे आणि थिंबल पकडीने न चेपता क्रिम्पिंगच्या यंत्राने दाबून घ्यावे.

काकांच्या गाडीत इंजिन संथ ठेवून, गाणे लावून दोन मापे घेतली. बॅटरीवर १३.२ व्होल्ट होते आणि अ‍ॅम्पच्या टर्मिनलांवर ठेक्याला ११.१. मीटरचा आकडा मंद बदलतो, त्यामुळे खरी घसरण याहूनही खोल असणार. मग लांब वायर घेऊन एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरा अ‍ॅम्पच्या अर्थवर ठेवला, तेव्हा तिथेच ०.६ व्होल्ट सापडले. अर्थचा बोल्ट उघडल्यावर कारण समोर होते: थिंबल रंगावरच कसलेले होते आणि केवळ बोल्टच्या आट्यांमधून करंट जात होता. तिथला रंग काचपेपरने खरवडून पत्रा लखलखीत केला, दातेरी वॉशर घालून थिंबल घट्ट बसवले आणि वरून गंज धरू नये म्हणून ग्रीस लावले. पॉझिटिव्ह वायरही बदलली. तेव्हापासून सिग्नलवरचा दिवा बंद झाला.

अर्थची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड आणि शक्यतो अर्ध्या मीटरपेक्षा आखूड असावी. सीटबेल्टचा बोल्ट अर्थसाठी कधीही वापरू नये, कारण तो जीव वाचवण्यासाठी ठरावीक ताकदीने कसलेला असतो. नव्या अनेक गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो; अशा गाडीत अ‍ॅम्पचा अर्थ थेट त्या टर्मिनलवर न घेता बॉडीवरच घ्यावा, नाहीतर सेन्सरला अ‍ॅम्पचा करंट दिसत नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो.

कपॅसिटर बसवण्याचा सल्ला अशा वेळी हटकून मिळतो. माझ्या मते तो खर्च आधी वायर आणि अर्थवर करावा. कपॅसिटर क्षणभराची उसनवारी करतो, करंट निर्माण करत नाही. सैल अर्थ आणि पातळ वायर त्याने दुरुस्त होत नाहीत.

फ्यूजविषयी मात्र कोणतीही तडजोड करू नये. अ‍ॅम्पच्या अंगावरचा फ्यूज अ‍ॅम्पसाठी असतो. बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज वायरसाठी असतो आणि तो बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत असलाच पाहिजे. बॅटरी ते डिक्की या प्रवासात वायर इंजिनाच्या भिंतीतून, सीटच्या रुळांखालून जाते. तिथे आवरण कापले गेले आणि बॅटरीजवळ फ्यूज नसेल, तर तांबडी झालेली वायर गालिच्याला पेटवते. भिंतीच्या छिद्रात रबरी ग्रोमेट नसेल, तर ती वायर आजच काढून ग्रोमेट बसवावे. मुख्य फ्यूज वायर सोसेल त्यापेक्षा मोठा नसावा: २५ चौरस मिलिमीटरच्या तांब्यासाठी १०० ते १२५ अँपिअर आणि आठ गेजच्या तांब्यासाठी ५० अँपिअरच्या आसपास. दोन अ‍ॅम्प असतील, तर डिक्कीतल्या वाटणीच्या ब्लॉकवर प्रत्येकासाठी वेगळा फ्यूज द्यावा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणाऱ्याच्या हाती गाडी पुन्हा देऊ नये.

अ‍ॅम्पवरचे फ्यूज त्याची खरी ताकदही सांगतात. ज्या अ‍ॅम्पवर तीस-तीस अँपिअरचे दोन फ्यूज आहेत, तो ६० गुणिले १३.८ गुणिले ०.८ या हिशेबाने सलग साडेसहाशे वॅटच्या पुढे फारसा जाऊ शकत नाही, मग खोक्यावर तीन हजार छापलेले का असेनात.

इंदुरात सीएनजीवर चालणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांची टाकी डिक्कीतच असते. अशा गाडीत टाकीच्या पट्ट्यावर किंवा तिच्या बोल्टवर अर्थ घेऊ नये, टाकी आणि गॅसच्या नळीच्या आसपास छिद्र पाडू नये आणि ठिणगी उडू शकेल अशी कोणतीही उघडी जोडणी तिथे ठेवू नये. गॅसचा वास येत असेल, तर आधी तो दोष दूर करून घ्यावा. तोवर अ‍ॅम्पचा मुख्य फ्यूज काढून ठेवावा. पेट्रोलच्या गाडीतही ड्रिल चालवण्यापूर्वी खाली वाकून पत्र्याखाली टाकी किंवा इंधनाची नळी नाही ना, हे पाहावेच.

गेन आणि उष्णता

गेन म्हणजे आवाजाचे बटण नव्हे; हेड युनिटच्या (डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टिमच्या) सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवण्याची ती सोय आहे. तो पूर्ण फिरवला की अ‍ॅम्प क्लिप होतो, लहरींची टोके कापली जातात आणि कॉइल व अ‍ॅम्प दोन्ही अकारण तापतात. जुळवण्यासाठी सबवूफरच्या वायरी काढाव्यात, बेस बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर ठेवावेत, हेड युनिटचा आवाज तीन चतुर्थांश करावा, ५० हर्ट्झचा एकसुरी नाद लावावा आणि अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजत गेन हळूहळू वाढवावा. कुठे थांबायचे, हे वॅट आणि ओहमच्या गुणाकाराच्या वर्गमुळावरून ठरते: दोन ओहमला ५०० वॅट हवे असतील, तर एक हजाराचे वर्गमूळ, म्हणजे ३१.६ व्होल्ट. वॅटचा आकडा आरएमएसचा, म्हणजे सलग मिळणाऱ्या पॉवरचा, घ्यावा; ‘मॅक्स’चा घेतला, तर हा सगळा खटाटोप व्यर्थ जाईल.

मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीची डिक्की त्याहून कितीतरी तापते. त्यामुळे अ‍ॅम्प सबवूफरच्या खोक्यावर, गालिच्याखाली किंवा सामानाच्या ढिगाखाली बसवू नये. भोवती चार-पाच सेंटीमीटर तरी मोकळी हवा हवी. जोडणी नीट असूनही फक्त दुपारीच अ‍ॅम्प बंद पडत असेल आणि रात्री नाही, तर जागा बदलण्यानेच काम भागते.

सारे जोडून झाल्यावर वीसेक मिनिटे नेहमीच्या आवाजात गाणी लावावीत, मग मुख्य फ्यूजचा होल्डर, अर्थचा बोल्ट आणि अ‍ॅम्पची टर्मिनले एकेक करून हाताने चाचपावीत. ज्या जोडावर इतर भागांपेक्षा जास्त ऊब लागेल, तो सैल आहे किंवा नीट चेपलेला नाही. तो उघडून पुन्हा बसवावा. तांब्याच्या बारीक तारा स्क्रूखाली दबून बसतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी निगेटिव्ह सोडवून सर्व स्क्रू पुन्हा एकदा कसावेत. आणि अ‍ॅम्प दुरुस्त होऊन परत आला असेल, तर तो जोडण्यापूर्वी सबवूफरच्या वायरीच्या टोकांवर ओहम मोजावेत आणि एकेक टोक बॉडीला टेकत नाही ना, हेही मीटरने पाहून घ्यावे.